आरोंद्याच्या वाटेवरचे पिवळे जाकीट

वेंगुर्ले, ६ डिसेंबर २०२४

ती. मारियानबाय यांस,
कायतानचा स. न. वि. वि.

फोन का केला नाही, असे आपण विचाराल. चौतीस वर्षे टपाल खात्यात काढलेल्या माणसाला महत्त्वाची गोष्ट फोनवर सांगता येत नाही, एवढेच कारण.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि चिरंजीव डेन्झिलने पुण्याहून गियरची सायकल पाठवली, हे आपण जाणताच. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी ती शिकलो. दोनदा पडलो, साक्षीला फक्त शेजारची कोंबडी होती. आता माझा निश्चय असा आहे की, ९ फेब्रुवारीला, लुर्दिनला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी, इगर्जीत तिच्या मिसेच्या प्रार्थनेला, आरोंद्याला सायकलने यावे. आपली ही धाकटी बहीण आमच्या संसाराची छत्तीस वर्षे माहेरी एकटी एसटीने आली, कारण मला रजा नसे. रजा होती, बाय. मी घेत नसे. निदान एकदा तरी तिच्या गावी स्वतःच्या पायांनी पोहोचावे, असे वाटते.

अडचण कपड्यांची आहे. काल मोचेमाडच्या चढावर मी जाड सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा काळा टेरिकॉट शर्ट, त्यावर काळा स्वेटर आणि काळी पँट अशा वेशात होतो. निघताना गारवा होता. अर्ध्या चढावर बनियन अंगाला चिकटले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका काजूखाली बसलो. सायकलवरून चाललेली अपेक्षा नावाची मुलगी थांबली. पाणी देऊन तिने विचारले की काका, सायकलीवर निघालात की कोर्टात उभे राहायला. घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, तरच कपडे बरोबर, असेही ती म्हणाली.

आपण जन्मभर शिवणकाम केले आहे. वर्ष पुरे होईपर्यंत मला काळेच घालायचे आहे. तेव्हा हलके, हवेशीर काळे कापड कोणते, ते कळवावे.

आपल्या मायेचा हक्कदार,
कायतान


आरोंदा, १५ डिसेंबर २०२४

प्रिय कायतान,
तुका मारियानचो आशीर्वाद.

शुद्ध लिवक माका जमणा नाय, घरातल्या भाषेत लिवतंय. तांबडी पेन्सिल घेवन बसा नको.

पत्र वाचून पयली हसलंय, मगे घाबरलंय. काळा आणि उन्हात हवेशीर, असा कापड अजून कोणी विणूक नाय. माझी नात ग्लेनिशा कॉलेजाक सायकलीन जाता, तिका इचारलंय. ती म्हणता, पयलो दोष त्या बनियनाचो. सुती कापड घाम पिता आणि सोडणा नाय. चढावर उकडता, उतारावर वारो लागलो की पाठ गार. अंगाक लागान पातळ गंजी व्हयी, घाम लगेच सुकता ती. खेळाच्या दुकानात गावता. तिच्यार सैल, फिक्या रंगाचो शर्ट. सगळ्यात वर बिनबाह्यांचा पातळ जाकीट, वारो अडवणारा. गरम झाला की काढून पिशयेत. आणि पँटीचो पाय चेनीत जाता, तेका रबर लाव.

ता जाकीट मी शिवतंय, पिवळा. काळ्या कपड्यातलो म्हातारो सकाळच्या धुक्यात ट्रकवाल्याक दिसणा नाय, आणि एका वर्सात दोन मिसा माका नको आसत. रस्त्यार तरी काळा काढ. लुर्दिन रागावची नाय; तिका मी तुझ्यापरास जास्त वर्सां वळखतंय.

जेवतंस मां वेळेर? नाय तर कान ओढूक मी आसंय.
मारियान


वेंगुर्ले, २८ डिसेंबर २०२४

ती. मारियानबाय यांस,
कायतानचा स. न. वि. वि.

ग्लेनिशाच्या सूचनेप्रमाणे कुडाळहून पातळ गंजी आणली. फरक आश्चर्यकारक आहे. चढ संपतो तोवर ती जवळजवळ सुकते. दुकानदाराने बसायच्या जागी गादी शिवलेली आखूड चड्डीही दिली, आणि तिच्या आत काय घालू नये याविषयी असे काही सांगितले की ते आपणास लिहिणे उचित नाही. वरून सैल पँट घालतो. गावात प्रतिष्ठा शाबूत आहे.

जाकीट पोचले. मापात तसूभर चूक नाही. तरीही ते या पार्सलने परत पाठवीत आहे.

आपले यजमान पास्कू गेले तेव्हा आपण काळ्यात गेलात. त्याच वर्षी माझे थोरले बंधू विधुर झाले. त्यांनी बाहीला बोटभर काळी फीत लावली आणि चाळिसाव्या दिवशी तीही काढून, चौकड्यांचा शर्ट घालून बाजारात हिंडू लागले. लुर्दिनने मला विचारले की बायकांनी अंगभर आणि पुरुषांनी बोटभर, हे माप कोणी ठरवले. म्हणून मी अंगभर घालतो. सहा आठवडे उरले असताना ते रस्त्यापुरतेही उतरवणे मला तिची फसवणूक वाटेल.

आणि क्षमा असावी. एकोणीस वर्षे ज्यांनी स्वतः काळे उतरवले नाही, त्यांनी मला पिवळे सुचवावे, हे पटत नाही.

रागावलात तरी लोभ कमी करू नये,
कायतान


आरोंदा, १२ जानेवारी २०२५

प्रिय कायतान,
आशीर्वाद आसाच.

आठ दिवस तुझ्यार रागान होतंय. आता खरां सांगतंय. पयला वर्स पास्कूच्या दुखान काळा घातलंय. दुसरा वर्स लोकांसाठी. मगे खंयचो रंग घालूचो ताच माका कळना झाला. काळा सोपा पडला, सकाळी इचार करूक नको.

लुर्दिन दर मे म्हयन्यात माझ्या झग्यासाठी निळा कापड घेवन येय. मी दर वर्सा तेचे उशांचे अभ्रे शिवी. ह्या घरात निळे अभ्रे अकरा आसत. शेवटच्या खेपेक ती रडली, आणि मी तिका चाय करूच्या निमतान आत निघान गेलंय.

तिच्या सवालाचो अर्थ तू उलटो घेतलंस, कायतान. तू अंगभर घाल, असा ती म्हणूक नाय. माझ्या अंगावरला काळा उतरूचा, असा ती म्हणी होती.

ता शेवटचा कापड तसाच आसा. तेचो झगो शिवूक घेतलंय. जाकीट परत धाडतंय. तू त्या दिवशी पिवळ्यात ये, मी निळ्यात उभी रवतलंय. तू काळ्यात दिसलंस तर घराक जावन बदलून येतलंय, आणि मगे माका मरासर कोणी सांगूक येव नको.

उतारार ब्रेक धर. माया आसा म्हणान सांगतंय.
मारियान


वेंगुर्ले, ११ फेब्रुवारी २०२५

ती. मारियानबाय यांस,
कायतानचा स. न. वि. वि.

रविवारी मिसेनंतर इतकी माणसे होती की बोलता आले नाही. शिवाय जे सांगायचे ते तोंडी सांगण्याचे धैर्य मला नव्हते.

सकाळी साडेसहाला निघालो. पांढरी गंजी, फिका शर्ट आणि वर आपले जाकीट. दारात किंचित थंडी वाजली. मोचेमाडच्या चढावर दोनदा सायकलवरून उतरून चाललो. माथ्यावर जाकीट काढले, वारा लागताच पलीकडच्या उतारावर पुन्हा घातले. शिरोड्यात चहा घेतला. एका ट्रकवाल्याने मला लांबूनच पाहून वाट दिली, ते श्रेय आपले.

आता कबुली. मागच्या पिशवीत इस्त्री केलेला काळा शर्ट होता. रस्त्यावर आपले म्हणणे पाळावे आणि इगर्जीत माझे, अशी तडजोड मी मनाशी केली होती. इगर्जीच्या मागे सायकल लावली, जाकीट काढले आणि शर्टाची दोन बटणेही काढली. तेवढ्यात कोपऱ्यावरून आपण दिसलात. आपण मला पाहिले नव्हते. निळ्या झग्यात पायरीवर उभ्या होतात. शेजारच्या सावित्रीबाई काही विचारीत होत्या, आणि आपण दोन्ही मुठींत झगा घट्ट धरून रस्त्याकडे पाहत होतात. मी येतो की नाही, येतो तर कसा येतो, हे कळण्याआधीच आपण तो घालून घराबाहेर पडला होतात.

मी बटणे पुन्हा लावली. मिसेभर जाकीट अंगावर ठेवले. पाद्रींनी दोनदा पाहिले. आत विलक्षण उकडत होते आणि ते काढणे हेच शहाणपणाचे होते, परंतु मी काढले नाही.

काळा शर्ट पिशवीत चुरगळला होता. धुऊन कपाटात ठेवला आहे. कोणाच्या मयताला लागेल.

येत्या रविवारी पुन्हा येत आहे. लुर्दिनची मिसा नाही, काही निमित्तही नाही. जेवायला थांबेन.

तोपर्यंत लोभ राखून ठेवावा,
आपला,
कायतान