ओढून न पाहिलेली शिवण

डिंडोली, सुरत

प्रिय वैभवदादा,

फोनवर मी दोनदा सांगायला गेलो. दोन्ही वेळा तू 'बरं बरं' म्हणालास आणि आईकडे फोन द्यायला सांगितलंस. आई ठीक आहे. तुझ्या पहाऱ्याचं ते संसदेचं दार बातम्यांत दिसलं की ती शेजारच्या उषाबाईंना हाक मारते आणि वर्दीतला कोणीही दाखवून तो तूच, असं सांगते.

काल त्याच बातम्यांत दोन खासदार भांडत होते. एक म्हणे, संसदेच्या सुरक्षेला निधी अपुरा पडतो. दुसरे म्हणे, निधी भरपूर आहे, शिवाय देखरेखीला समिती आहे. मी टीव्ही बंद केला तर आई माझ्यावरच चिडली. दादा, देखरेख कशी होते ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या बमरोलीच्या कारखान्यात गोळीरोधक जॅकेटांची कव्हरं शिवतात, हे तुला माहीत आहे. गोळी अडवणारी जड पाटी ज्या खिशात बसते, त्याच्या तळाला दुहेरी शिवण हवी. ऑर्डरच्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलं आहे. शिवली एकेरी. तपासनीस मी, म्हणून माल परत केला. सुकलाल कारागीर म्हणाला, 'मास्तर स्वतः दहावी नापास, अन् आमचे पेपर तपासतात.' सगळे हसले. शेठ हसले नाहीत, नुसतं 'चालशे' म्हणाले. चालेल म्हणे.

मग दिल्लीहून तपासणीचे साहेब आले. त्यांच्यासाठी दहा कव्हरं दुहेरी शिवून घेतली होती, ती प्रत्येक गठ्ठ्यात सगळ्यात वर. साहेबांनी वरचीच उचलली, उलटून पाहिली, नाश्त्याला लोचो खाल्ला, शिक्का मारला आणि घारीच्या मिठाईचा डबा घेऊन स्टेशन गाठलं. एकाही गठ्ठ्यात हात खाली गेला नाही. निधी वाढवला तर घारीचे दोन डबे जातील, एवढंच.

ते गठ्ठे मीच रचले होते, कडा जुळवून. शेठनी सांगितलं आणि मी केलं. प्रत्येक कव्हराच्या आतल्या पांढऱ्या पट्टीवर सहीही केली. माल कुठे जाणार ते विचारलं नाही. परवा रवानगीच्या जुन्या कागदावर तुझ्या संसदेचं नाव वाचलं. मग उरलेलं एक कव्हर घरी आणलं, त्यात आईचा वरवंटा घातला आणि जिना चढलो-उतरलो. तिसऱ्या फेरीला तळ उसवला. वरवंटा पडून पायाचा अंगठा अजून सुजलेला आहे.

आज फोन करून एवढंच सांगेन की नवं जॅकेट घालू नकोस. पण फोनवरचं तुझ्या-माझ्यात राहील, आणि तुझ्याबरोबरचे बाकीचे तेच घालून उभे राहतील. म्हणून हे पत्र. ते तुझ्या अधिकाऱ्यांना दे. तपासनीस तुझा भाऊ आहे हे लपवू नकोस. माझं काम जाईल, कदाचित तुलाही चार प्रश्न विचारतील. आईला काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही. पट्टीवरची सही त्यांना जुळवून पाहता यावी, म्हणून खाली नुसतं नाव न लिहिता पूर्ण सही केली आहे.

तुझाच,
ललित रघुनाथ बोरसे
तपासनीस