दुपट्याची घडी

जुईनगर, १९९६. गुरुवार, संध्याकाळ.

रोज माझं बोलणं या वहीत नात लिहून घेते. आज तिला खाली खेळायला पाठवलंय. तूच लिही सुमन. अक्षर नीट काढ, म्हातारीला वाचता येत नाही म्हणून फसवू नकोस.

आज तुझ्याबरोबर जासईच्या दवाखान्यात आले. तू मानसतज्ज्ञ, म्हणजे सुई न टोचणारी. मागे तुझे डॉक्टरकीचे विद्यार्थी, समोर एक बाळंतीण. मूल सासूच्या मांडीवर रडतंय आणि ही दुपट्याची घडी घालतेय, मोडतेय, पुन्हा घालतेय.

सासू हसली. "टापटिपीची फार हौस हो हिला."

तू हसली नाहीस. हळूच विचारलंस, "जीव द्यावासा वाटतो का गं?"

मी मनात म्हटलं, बाळंतिणीला असं विचारतात? पण तिनं 'हो' म्हणून मान हलवली आणि रडायला लागली. दुपटं हातातून सुटलं.

येताना तू पोरांना म्हणालीस, "विचारायला घाबरू नका. विचारल्यानं कुणी जीव देत नाही."

तेव्हापासून एकच आठवतंय. तुझी आई, माझी धाकटी बहीण, तुझ्या वेळी अशीच दुपट्याच्या घड्या घालत बसायची. तुला जवळ घ्यायची नाही. मी मेली थट्टेखोर! म्हटलं, "अगं, पोर झाली की दुपटं?" सगळ्या हसल्या. तीही हसली. दुसऱ्या दिवशी खाडीवर गेली.

पाय घसरला, असं तुला आजवर सांगत आले. नव्हता घसरला.

थांबलीस का? लिही बाई. मी थट्टा केली, विचारलं नाही.

लिहिलंस? आता मला वाचून दाखव.