तिच्या वाट्याचं रागावणं

बाई, त्या बी.एड.च्या मुलीला तुम्ही एवढं रागावलात, मग मला एकदाही का रागावला नाहीत? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. आपल्याकडच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही, म्हणून आई-बाप ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले आणि मी आत्याकडे राहून सातवीत. कारखान्याच्याच संस्थेचं बी.एड. कॉलेज होतं, तिथल्या मुली जीपमधून आपल्या शाळेत पाठ घ्यायला यायच्या. त्यातली एक, शहरातली, जलचक्राचा तक्ता टांगून शिकवत होती. मी उठून विचारलं, "मॅडम, मग आमच्याकडं टँकरच कावून येतो?" ती म्हणाली, "कावून नाही, का म्हणायचं." वर्ग हसला. मी खाली बसले.

मधल्या सुट्टीत तुम्ही तिला लिंबाखाली गाठलंत. मी माठापाशी रेंगाळत ऐकत होते. "अगं, पोरीनं प्रश्न विचारलाय आन् तू तिची बोली तपासतीस? उत्तर कुठं हाय तुझं?" ती रडली. मग डब्यातली अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवून तुम्ही शाळा सुटेपर्यंत तिच्याशी बोलत बसलात. दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला आटलेल्या विहिरीवर नेलं आणि असं शिकवलं की कुणी हललं नाही. प्रश्न माझा होता, शिकली ती. मला तुम्ही नेहमी एवढंच म्हणायचात, "हुशार हाय पोरगी."

आता घरातली पहिली पदवीधर मी माजलगावजवळ शिकवते. शाळा आणि विद्यापीठानं मिळून शिक्षक घडवावेत, असं मी कॉलेजात तावातावानं मांडायचे. आता तसंच झालंय. विद्यापीठाच्या मुली अख्खं सत्र शाळेत असतात आणि त्यातल्या एकीची मार्गदर्शक मी आहे. मी वर्गात शिरले की पोरं विचारतात, "नव्या मॅडम न्हाई आल्या?" भागाकार शिकवताना ती फळ्याशीच बोलते, मागची मुलं हरवतात. मला ते दिसत होतं, तरी प्रत्येक पाठाला मी "छान" म्हणत राहिले. ती कच्चीच राहावी, असं वाटत होतं.

आज सकाळी तिला थांबवून सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "इतके दिवस का नाही सांगितलंत, मॅडम?"

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून खरं ते लिहिते: जळफळाट अजून तसाच आहे. माझा गणिताचा तास मात्र, सत्र संपेपर्यंत, हेडसरांना सांगून तिच्या नावावर लावून आले.