बंबाची कार्यक्षमता

५ जानेवारी, रविवार. कुंडल.
संकल्प: देशाच्या ऊर्जा कार्यक्षमतेवरचा लेख मार्चपर्यंत पूर्ण. फिजिक्स शिकवणाऱ्याने एवढं तरी करावं. देशाची सरासरी घसरते लाकूडफाट्यामुळे, म्हणून सुरुवात घरापासून. आईचा अंगणातला तांब्याचा बंब पहाटे स्वतः पेटवून मोजला. चार किलो तुरकाट्या जळल्या, कढत पाणी एक बादली. शंभरातले सहा भाग कामी आले. शेजारच्या भामाबाई आणि आणखी तिघी रोजच्याप्रमाणे एकेक बादली भरून घेऊन गेल्या. ते आईच्या उपयोगाचं पाणी नव्हे, म्हणून धरलं नाही. हिशेब प्रामाणिक हवा.

१२ जानेवारी. कुंडल.
बंब मोडीत दिला, विजेचा गीझर बसवला. आई म्हणाली, "सकाळी बाया येत्यात रं." म्हटलं, धूर तुझ्याच छातीत जातो. हे खरंच आहे. साताऱ्याला चल म्हणालो, तर नको म्हणाली. पुरेसा आग्रह केला का? शरयूनेही फोनवर हेच विचारलं. बायकोला असले प्रश्न बरोबर सुचतात.
भामाबाई बादली घेऊन आल्या. गीझरकडे बघून म्हणाल्या, "मधू, ह्यातनं आमाला काय वाटीनं देणार व्हय?" बाकीच्या हसल्या. सुधारणेला सुरुवातीला विरोध होतोच.

२० जानेवारी. सातारा.
लेख अडला. आपली वीज बहुतेक कोळशाची. शंभर भाग कोळशातले पस्तीसच वीज होतात, तारांत आणखी गळती. आईच्या न्हाणीत पोचतात अठ्ठावीस. तरी सहापेक्षा बरेच. पुढे सौर वीज वाढेल तसा आकडा सुधारेल. आपण काळाच्या पुढे आहोत, इतकंच.

२ फेब्रुवारी.
आईचा फोन. "सकाळ लय मोठी झालीया." म्हटलं, वेळ वाचतोय, वाचन कर. ठेवल्यावर तिचा मोतीबिंदू आठवला. पुढच्या रविवारी नक्की जायचं.

९ फेब्रुवारी.
गेलो नाही. पेपर तपासायचे होते. थोडेच होते.

११ फेब्रुवारी.
आई पहाटे सहाला न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. भामाबाईंना कळलं दुपारी एकला, ताक द्यायला गेल्या तेव्हा. सात तास ओल्या फरशीवर. फोनवर रडत होत्या. "बंब असता तर साडेसहाला आमी तितंच असतो की रं."

१३ फेब्रुवारी. सांगली, हॉस्पिटल.
पुन्हा मांडणी केली. पाचही बादल्या धरल्या तर बंबाचे तीस. गीझरचे अठ्ठावीस. लेखात दुरुस्ती करायला हवी, असं आधी मनात आलं. आधी तेच आलं, हेही लिहून ठेवतो.
संध्याकाळी नर्स फॉर्म भरायला आली. घरी आजींजवळ कोण असतं, म्हणाली. मी उत्तर जुळवत होतो. आई डोळे न उघडता म्हणाली, "रोज चार बाया येत्यात की."
नर्सने लिहून घेतलं. मी दुरुस्ती केली नाही.