टेबलाखालची ऊब

सोमवार, १० एप्रिल
माद्रिदच्या श्रोत्यांनो, वसंताच्या नावाखाली असल्या दगडी गावांनी तुम्हालाही गारठवलंय ना? परतल्यावर माझं व्याख्यान याच वाक्याने सुरू होईल. पेन्याल्बारला आज पोचलो. बायको कासिल्दा खुशीत: गावाच्या जुन्या तटबंदीवर फिरली, लसणाचं गरम सूप दोनदा मागून घेतलं. मीही खुशीत. खोलीत गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत जाड कापड, आत निखाऱ्यांची शेगडी. पाय आत घालायचे, कापड मांडीवर ओढायचं. फक्त इथली रीत अशी की बसण्याआधी टेबलावर टिचकी मारून विचारायचं, "बसू का?" जुन्या वेढ्यात गारठून मेलेले म्हणे आत पाय शेकत असतात! मी मोठ्याने हसलो. घरमालकीण ओब्दुलियाबाई म्हणाल्या, "हसा साहेब, पण शेगडी विझू देऊ नका. मग ते ऊब दुसरीकडून घेतात."

बुधवार, १२ एप्रिल
शिकलेला औषधवालाही टिचकी मारतो! मेंढरं परवडली. कासिल्दाही विचारायला लागली. मी म्हटलं, "मेलेल्यांना मान, आणि नवऱ्याला?" म्हणाली, "ते तुझ्यापेक्षा कमी बोलतात."

गुरुवार, १३ एप्रिल
मूर्खपणाशी तडजोड नाही. शेगडीत पाणी ओतलं. बाईंनी पुन्हा पेटवू नये म्हणून कोळशाच्या पोत्यावरही. जेवताना कासिल्दाला सांगितलं, गार पाय माझ्या पायांवर ठेवू नकोस. ती म्हणाली, तिने तर खुर्चीवर मांडी घातलीय.
कापडाची घडी असणार.

शुक्रवार, १४ एप्रिल, दुपार
सगळं गाव गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत, बाईही. कासिल्दाने सवयीने पाय आत घातले. आता तिला उठता येत नाही. ओढलं. कापड वर केलं. आत फक्त तिचे पाय, निळे. आणि त्यांवर बोटांचे ठसे उमटताहेत — एकामागून एक —

कोळसा पेटत नाही. मीच भिजवला. ओरडलो, खाली ढोल.

गुडघ्यापर्यंत गार. आता ओठही —

टिचकी मारली. "बसू का?" विचारलं. माझे पाय आत घातले. तिचा एक पाय सुटला. एकच —

खिडकी हाताशी आहे. हे पान खाली टाकतो. लोकहो, हसा माझ्यावर, नंतर हसा. पहिला मजला, हिरवी खिडकी. निखारे घेऊन वर या, आत्ता, निख—