नातीचं मोबाईल-शिक्षण आणि सागवानी स्टँड

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
चिरंजीवांची बदली पक्की. वीस तारखेला ते, सूनबाई आणि नात दूरच्या शहरी जाणार. नातीचं वय पाच वर्षं दोन महिने. ठरलं असं, की दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिने आमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं. म्हणजे तिला फोन नीट वापरता आला पाहिजे. ती जबाबदारी मी घेतली. सव्वीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, कोणाच्या हाताखाली न शिकता. मोबाईल तो काय! नियम लिहायला घेतले.

४ मार्च
नियम सतरा झाले. सुवाच्य अक्षरात वही तयार करून नातीच्या हाती दिली. तिला अजून वाचता येत नाही. ही गोष्ट मला आधी कळवायला हवी होती. मी नियम चार (फडकं एकाच दिशेने फिरवणे) समजावत असताना तिने माझ्याच फोनवरून मावशीला व्हिडिओ कॉल लावला. चुकून लागला असावा.

६ मार्च
नातीने शाळा काढली. विद्यार्थी दोन, मी आणि ही. जो स्वतः हिरवं बटण दाबून पूर्ण चेहरा दाखवेल त्याला कपाटाच्या दारावर चांदणीचं स्टिकर. हिला दोन. मला शून्य. माझं नुसतं कपाळ दिसतं म्हणे. ही म्हणाली, कपाळ ओळखीचं आहे, तेवढं पुरे. मला चांदण्यांत रस नाही.

७ मार्च
हिला तीन.

८ मार्च, शनिवार. दुपारी २
दोष सापडला. फोन हातात हलतो. उपाय: स्टँड. फोन आडवा बसेल असा. दुकानात सागवानाचा तुकडा आहेच. फोनची जाडी कव्हरसकट ८.९ मिमी. खाच ९.० ठेवणार. एक दशांश मिलिमीटर मोकळीक. असं काम आज कोण करतं?

१३ मार्च
स्टँड पूर्ण. पाच दिवस दुकानात दुसरं काम नाही. तीन वेळा पॉलिश. शेजारच्या दुकानातला शिंपी बघून गेला. फोन बसवताना ‘टक्’ असा सुरेख आवाज आला आणि स्क्रीन काळी झाली. बॅटरी.

१४ मार्च
बॅटरी नव्हे. शंभर टक्के चार्ज करून बसवला. टक्. काळी. शिंप्याने विचारलं, चावी द्यायला विसरलात का. नात जवळ उभी होती. म्हणाली, “आजोबा, लाकूड बटण दाबतंय.” मुलांची कल्पनाशक्ती अफाट असते.

१५ मार्च
तिचं म्हणणं, फोन उलटा ठेवायचा, म्हणजे बटण वर येईल. समजावून सांगितलं, की घड्याळात बारा वरच असतात. कंपनीचं नाव खाली डोकं करून वाचायचं का? तिने मान डोलावली. पटलेलं दिसलं. मग स्वयंपाकघरात जाऊन हिचा फोन चहाच्या डब्याला टेकवला आणि हिला चौथी चांदणी दिली. चहाचा डबा! गोल आहे तो. कधी घसरेल नेम नाही.

१७ मार्च
खाच जरा तासून आतून मखमल लावली. फोन आता आणखी घट्ट बसतो. स्क्रीन आणखी लवकर काळी होते. फोन जुना झालाय.

१९ मार्च
सामान बांधून झालं. नातीने स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने दोन गोल काढून ठेवलेत, एक लहान, एक मोठा. पुसायला फडकं घेतलं (एकाच दिशेने) तर हिने हातातून काढून घेतलं. नातीची अंतिम परीक्षा घेतली. सतरा नियमांपैकी एकही पाठ नाही. रविवारी तिला कॉल लावता येईल का, याची खरंच धास्ती वाटते.

२० मार्च
गेले. गाडीच्या खिडकीतून तिने बोट दाखवून बजावलं, रविवार, पाच वाजता. माझं घड्याळ मीच लावलेलं आहे, मला काय सांगते. घर फार नीटनेटकं दिसतंय. आवडलं नाही.

२३ मार्च, रविवार. ४.३०
इस्त्रीचा शर्ट. दाढी दुसऱ्यांदा. स्टँड टेबलाच्या बरोबर मध्ये, पट्टीने मोजून. कॉल येईपर्यंत फोन हातात, आला की हिरवं बटण दाबून बसवायचा. तयारीत कसर नाही. शंका असेल तर ती त्या बाजूची.

तोच दिवस. ५.५०
५.०० ला कॉल आला. सेकंदाचाही फरक नाही. उचलला. अर्धा क्षण तिचे दोन दात दिसले. स्टँडमध्ये बसवला. टक्. काळी.
५.०३. पहिला तुटला होता, पुन्हा कॉल. टक्.
५.०६. टक्.
मग कॉल आलाच नाही. ५.११ पर्यंत फोनकडे बघत बसलो. शर्ट घामाने चुरगळला. मग स्वयंपाकघरातून नातीचं हसू ऐकू आलं. हिच्या फोनवर लावला होता. मी जागचा हललो नाही. मला कोणी बोलावलं नव्हतं.
५.१४. तिचा आवाज: “आजी, आजोबांना सांग, फोन उलटा ठेवा. नाहीतर इकडे या. त्यांची जागा काढून ठेवलीये.”
गेलो. चहाचा डबा, टेकवलेला फोन, समोर खडूचे गोल. लहानात ही बसलेली. मोठा रिकामा. त्यात बसलो. पूर्ण चेहरा आला, हनुवटीसकट. नात ओरडली, “आजोबा आले!” मग मागचा धडा विचारला. मी सांगितलं, लाकूड बटण दाबतं. ती म्हणाली, बरोबर. पण उशिरा आलात म्हणून अर्धीच.
हिने चांदणी फाडून अर्धी माझ्या नावाखाली चिकटवली.
बटण मोजलं. कव्हराबाहेर ०.३ मिमी. स्टँडमध्ये हिने आलेली पत्रं आणि बिलं लावलीत. छान बसतात.
चांदणी नीट पाहिली. टोकं एकूण पाच. माझ्याकडे तीन. म्हणजे अर्ध्याहून जास्तच.