माझी तक्रार मान्य झाल्याबद्दल तक्रार

मंगळवार, दिनांक ९ सप्टेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे.

प्रिय भावोजी,

वरची तारीख आणि वेळ पत्र लिहिल्याची नाही, अन्याय झाल्याची आहे. पत्र दुपारी लिहायला घेतलं, कारण रागाच्या भरात तक्रार लिहिली तर ती खरी वाटते पण वाचता येत नाही. तुम्हाला नमस्कार, जाऊबाईंना त्याहून थोडा जास्त (त्यांना तुमच्याबरोबर राहावं लागतं). तुमचा गुडघा कसा आहे? त्याला लवकर आराम पडावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. बाकीच्या तुम्हाला मात्र हे पत्र संपेपर्यंत पडू नये.

हे पत्र तुम्ही शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून वाचायचं आहे, माझे धाकटे दीर म्हणून नाही. पण अध्यक्ष म्हणून तुम्ही काहीच पूर्ण वाचत नाही असं जाऊबाई सांगतात, तेव्हा आधी दीर म्हणून वाचा आणि मग अध्यक्षांना सांगा.

जूनमध्ये तुम्ही चहाला आलात आणि म्हणालात, शाळेच्या ग्रंथपालबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात, वहिनी, तुम्ही टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून नुसत्या बसून असता (हे वाक्य तुमचं, मी विसरले नाही), तर आमच्या लायब्ररीत या. थोडक्यात, बसायचंच होतं, फक्त जागा बदलून. काम काय, विचारलं तर म्हणालात, "काही नाही हो, शांतता राखायची." आता शांतता काय असते ते मला सांगायला नको. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये टाचणी पडल्याचा आवाज यावा इतकी शांतता असे, आणि एकदा खरंच टाचणी पडली तर ती कोणाची हे कळेपर्यंत सिस्टरांनी अख्ख्या वर्गाला उभं केलं होतं. त्यानंतर मी तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढली, जिथे एका वेळी चाळीस बायका "हॅलो" म्हणतात. म्हणजे शांततेची दोन्ही टोकं मी पाहिली आहेत. मी हो म्हटलं.

तुम्ही एक गोष्ट सांगायला विसरलात. (विसरलात की लपवलीत, हा वेगळा विषय, त्यासाठी वेगळं पत्र लिहीन.) दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिसऱ्या तासाला विशेष वर्ग लायब्ररीत येतो. ज्यांना शिकायला, बोलायला, कधी नुसतं बसायलासुद्धा आपल्यापेक्षा निराळी रीत लागते अशी ही सात मुलं आणि त्यांच्या बाई. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पायात कॅनव्हासचे बूट, केसांत पेन्सिल, आणि त्या पेन्सिलीचा शोध दिवसभर चालू. पहिल्याच मंगळवारी त्यांनी हसून मला म्हटलं, "तुम्ही फक्त त्यांना त्यांच्या पद्धतीने पुस्तकाजवळ येऊ द्या." मी म्हटलं, पुस्तकाजवळ येण्याच्या पद्धती किती असतात? त्या म्हणाल्या, "सात."

तिघांचंच सांगते, नाहीतर पत्र पुडक्यातून पाठवावं लागेल. एक मुलगा गोष्ट ऐकताना बसतच नाही. मोठ्या टेबलाभोवती गोल फिरतो, नेहमी एकाच दिशेने. मी त्याला मनातल्या मनात फेरीवाला म्हणते. पहिल्या दिवशी वाचता वाचता मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मलाच गरगरलं. दुसरा नेहमी कपाटांकडे पाठ करून बसतो, म्हणून तो पाठमोरा. त्याला पुस्तकांच्या कण्यांचे, म्हणजे नाव छापलेल्या कडांचे, रंग सहन होत नाहीत. "ओरडतात," म्हणतो. म्हणून त्याने खिडकीखालचं सबंध कपाट उलटं लावलं, कणे भिंतीकडे, पानं बाहेर. आता त्या कपाटात पुस्तकं नसून कापलेले पाव ठेवल्यासारखं दिसतं. आणि तिसरी एक लहानशी मुलगी. ती बोलत नाही. तिच्या मांडीवर चित्रांची पाटी असते, पाणी, घर, दुखतंय, हवं, नको, अशी चित्रं. हवं त्यावर बोट ठेवलं की झालं. मी माझ्या कॉन्व्हेंटी उच्चारांत दोन परिच्छेद वाचले असतील नसतील, तिने माझ्याकडे बघून 'पुरे' या चित्रावर बोट ठेवलं.

भावोजी, मला आयुष्यात कोणी "पुरे" म्हटलेलं नाही. तुमच्या दादांनीसुद्धा नाही. (त्यांच्या मनात असेल, पण पाटी नव्हती.) मी बाईंकडे पाहिलं, वाटलं आता त्या मुलीला दटावतील. तर त्यांचे डोळे भरलेले! म्हणाल्या, "ती कंटाळली तर नुसती स्वतःत मिटून बसायची. आजवर कोणाला थांबवलं नव्हतं तिने. तुम्हाला थांबवलं!" आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन माझं अभिनंदन केलं. माझा अपमान झाला होता, की प्रगती झाली होती, आणि झाली असेल तर कोणाची, हे मला त्या दिवशी कळलं नाही. खरं सांगायचं तर आजही कळलेलं नाही.

जे कळत नाही त्याची लेखी तक्रार करावी, हा माझा जुना शिरस्ता. त्याच दुपारी, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात, मी समितीला तक्रार लिहिली. आवाज खाली आणि वाक्यं सरळ, सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे चार परिच्छेद. एक विद्यार्थी फिरतो, एकाने कपाट उलटं केलं, एकीने मला पुरे म्हटलं, तरी यांचा योग्य तो बंदोबस्त व्हावा. तक्रार दिली, घरी आले, बरं वाटलं आणि मी ती विसरले. तक्रारीचं काम तेवढंच असतं. तुमच्या इमारतीच्या गळक्या टाकीबद्दल मी तुम्हाला चार वेळा लिहिलं, टाकी आजही गळते. माझ्या एकाही तक्रारीची आजवर कोणी दखल घेतलेली नाही. त्याच भरवशावर मी मोकळेपणाने लिहीत आले आहे.

त्यानंतर काय झालं ते नीट लक्ष देऊन वाचा, कारण मलाही ते नीट सांगता येत नाही. खुर्च्या सरकल्या की पाठमोरा कान झाकायचा, म्हणून मी घरची जुनी घोंगडी कापून सगळ्या खुर्च्यांच्या पायांना बांधली. (मुलांसाठी नव्हे. मलाही तो आवाज आवडत नाही.) गुणगुणणारी ट्यूबलाइट बंद करून खिडकीजवळ बसू लागलो. फेरीवाल्याच्या वाटेत पृथ्वीचा गोल होता, तो कोपऱ्यात नेला. आणि बसून वाचलं तर तो ऐकतोय की नाही कळेना, म्हणून मी पुस्तक घेऊन त्याच्या मागोमाग चालायला लागले. वाक्य संपलं की तो वळून बघतो, पुढचं येतंय ना याची खात्री करतो. अख्ख्या टेलिफोन ऑफिसात माझं बोलणं इतक्या लक्षपूर्वक कोणी ऐकलं नव्हतं. माझ्या वयाच्या बाईने टेबलाभोवती प्रदक्षिणा घालत दीपगृहाच्या रखवालदाराची आणि त्याच्या हट्टी शेळीची गोष्ट मोठ्याने वाचायची, हे दृश्य तुम्ही पाहिलं नाहीत हे बरं झालं.

त्या लहान मुलीचं 'पुरे' चालूच आहे. पण आता ते दोन परिच्छेदांनी न येता दोन प्रकरणांनी येतं. गेल्या शुक्रवारी शेळी रखवालदाराचा डोळा चुकवून पायऱ्या चढत पार दिव्यापर्यंत गेली, तिला खाली येता येईना, आणि तिथे हिने पुरेवर बोट ठेवलं. मी म्हटलं, अगं, शेळी वर अडकलीय! बोट हलेना. बाईंना विचारलं, आता हिला कंटाळा आला की काय? त्या म्हणाल्या, "नाही हो, आवडलं की ती पुढच्यासाठी राखून ठेवते, असं मला वाटतं." म्हणजे कंटाळा आला तरी पुरे आणि आवडलं तरी पुरे. मग माणसाने ओळखायचं कसं? "मला तरी कुठे ओळखू येतं," बाई म्हणाल्या आणि केसांत पेन्सिल शोधू लागल्या.

तर आज, मंगळवारी, दहा चाळीसला तिसऱ्या तासाची घंटा झाली. मी पुस्तक उघडून दाराशी उभी. कोणी येईना. लायब्ररी इतकी शांत, की टाचणी पडली असती तर मी तिचे आभार मानले असते. तेवढ्यात शिपाई आला, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "मावशी, तुमचं काम झालं बघा! कालच्या मीटिंगमध्ये ठराव पास. विशेष वर्ग आता जिन्याखाली. आणि ते उलटं कपाट पण मी सकाळीच सरळ करून टाकलं!" वळून पाहते तर खरंच, खिडकीखालचं कपाट लाल, पिवळं, निळं झालेलं. भावोजी, आजवर मी कधी लक्ष दिलं नव्हतं, पण ती पुस्तकं खरंच ओरडतात.

जिन्याखाली गेले. तुटकी बाकं आणि खेळाच्या जाळ्या ठेवायची ती खोली. दारावर नवी पाटी: विशेष वाचन कक्ष. वरून कवायतीला निघालेला अख्खा वर्ग जिना उतरत होता, म्हणजे आतल्यांच्या डोक्यावरूनच चालला होता म्हणा. पाठमोरा दोन्ही कान दाबून भिंतीकडे तोंड करून बसलेला. फेरीवाल्याला फिरायला जागा नव्हती, तो एकाच ठिकाणी उभा राहून सगळ्यांना विचारत होता, "शेळी उतरली का? शेळी उतरली का?" बाई आवाज चढवून काहीतरी वाचत होत्या. आणि त्या मुलीची पाटी मांडीवर पालथी पडली होती. मी तिच्यासमोर बसले. पाटी सरळ करून दिली. तिने ती परत पालथी घातली.

मी थेट मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. (घाईत त्या बुटक्या दारातून निघताना वाकायचं विसरले, कपाळाला टेंगूळ आहे.) म्हटलं, हे कोणी केलं? त्या म्हणाल्या, "तुम्ही." म्हटलं, मी कधी? त्यांनी माझी तक्रार पुढे ठेवली. चार परिच्छेद, सुवाच्य अक्षर, माझी सही. म्हटलं, हे जुलैचं आहे, याला आता काय अर्थ! त्या म्हणाल्या, "समितीपुढे यायला दोन महिने लागतात. अध्यक्षांनी स्वतः लक्ष घातलं, म्हणाले, वहिनींचा शब्द खाली पडता कामा नये." म्हटलं, मग मी तक्रार मागे घेते. तर म्हणे ठराव झाल्यावर मागे घेता येत नाही, त्याविरुद्ध नवी तक्रार करावी लागेल. मी म्हटलं, करते, कोणाविरुद्ध करू? त्यांनी नियमावली चाळली. "नियमाने, ज्यांच्यामुळे हे झालं त्यांच्याविरुद्ध. म्हणजे तुमच्याच. पण तक्रारदारही तुम्हीच. असं आजवर आलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि पाण्याचा पेला त्यांनी माझ्यापुढे ठेवून स्वतःच पिऊन टाकला.

तर भावोजी, मी स्वतःविरुद्ध तक्रार करणार नाही. माझा काही दोष नाही. मी तक्रार केली होती, ती मान्य करा असं कुठे म्हटलं होतं? इतकी वर्षं माझा प्रत्येक शब्द तुम्ही खाली पडू दिलात आणि नेमका हाच झेललात! मला पुढील खुलासा लेखी हवा आहे: विशेष वर्गाचे मंगळवार आणि शुक्रवारचे तिसरे तास पुन्हा लायब्ररीत, खिडकीजवळ, ट्यूबलाइट बंद करून, होणार की नाही. कपाट कोणत्या बाजूने लावायचं हे पाठमोरा ठरवील, त्यात समितीने पडू नये. उत्तर गुरुवार, ११ सप्टेंबर, संध्याकाळी पाच वाजायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन करू नका, फोनवर माणसं काय काय कबूल करतात आणि मग नाकारतात हे मी तीस वर्षं ऐकलं आहे.

तुमची संतप्त,
थोरली वहिनी

ता. क. माझी मूळ तक्रार फाडू नका, परत पाठवा. भाषा चांगली उतरली आहे. 'विद्यार्थी' खोडून 'समिती सदस्य' केलं की तशीच्या तशी चालेल.

ता. क. दुसरा. ग्रंथपालबाई नोव्हेंबरमध्ये कामावर येतील. त्यांची खुर्ची मला नको. पण ते दोन तास त्यानंतरही माझ्याकडे राहतील का, एवढं त्याच कागदावर लिहून टाका. मी याबद्दल कोणाला विचारलेलं नाही आणि तुम्हीही मी विचारल्याचं जाऊबाईंना सांगू नका.

ता. क. तिसरा. घाई का, ते राहिलंच. या वर्गाच्या फळ्यावर बाई येत्या दिवसांची चित्रं आधीच लावून ठेवतात, कुठल्या तासाला कुठे जायचं त्याची. ते ठाऊक असलं की मुलांना धीर असतो. शुक्रवारच्या तिसऱ्या तासाची जागा बाईंनी मोकळी ठेवली आहे. आज शाळेतून निघताना मी त्यांच्या वर्गात डोकावले, तर फेरीवाल्याने तिथे बोट ठेवून मला विचारलं, "इथे काय?" मी म्हटलं, अध्यक्षकाका गुरुवारी सांगणार आहेत. तुम्ही आणि मी 'गुरुवारी बघू' म्हणतो तेव्हा आपल्याला काय म्हणायचं असतं ते आपल्याला माहीत असतं. त्याने मात्र मान डोलावली आणि सगळ्यांना सांगितलं, गुरुवारी.